माझ्या मालकीची कुलपं

१२ जानेवारी, रविवार

आज घरात सांगून टाकलं. सगळे जेवायला बसलेले असतानाच सांगितलं, म्हणजे एकेकाची समजूत काढत बसायला नको. म्हटलं, मी कुलूप किल्लीशिवाय उघडायची हत्यारं मागवणार आहे. छंद म्हणून.

नागराज अण्णानं ताटावरून मान वर केली. "काय उघडायची?"

"कुलूप."

"कुलपं फोडायला शिकायलीस?"

"फोडायला न्हाई, उघडायला. फोडलं की कुलूप वाया जातंय. उघडलं की जसंच्या तसं राहतंय."

"आवडलं काय तर चोराचं काम," अण्णा म्हणाला. "भरतकाम कर, पापड कर. माहेरी येऊन बसलेली बाई कुलपं उघडायलीय म्हटल्यावर हुलसुरात माझं तोंड राहील का?"

वैनी भाग्यलक्ष्मीचा भाकरी थापायचा आवाज मोठा झाला. अप्पा "शेंगाची चटणी सरकवा जरा" एवढंच म्हणाले. त्यांचं असंच असतं. आई असती तर काहीतरी बोलली असती, इकडून किंवा तिकडून.

येळवशीच्या सणानंतर एक व्हिडिओ बघितला होता, तिथनं हे डोक्यात आलं. एक म्हातारी बाई स्वयंपाकघरात टेबलाशी बसून कुलूप उघडत होती. घाई नाही, धडपड नाही, वाटाण्याच्या शेंगा सोलाव्यात तसं. मग असलेच व्हिडिओ बघत गेले. मोबाईलवरच्या एका ग्रुपात शिरले. तिथं धारवाडचे एक काका आहेत, बँकेतून रिटायर झालेले. ते म्हणाले, रोज लिहून ठेवत जा, कुठलं कुलूप, कुठलं हत्यार, काय जमलं, काय नाही. म्हणून ही वही. कुलपाशिवाय दुसरं काही लिहायचं नाही असं ठरवलंय.

१४ जानेवारी, संक्रांत

दोन पार्सलांमध्ये अडकलेय.

एकात भरपूर हत्यारं आहेत, वर चामड्याचं पाकीट, आणि शिकायला एक आरपार दिसणारं प्लॅस्टिकचं कुलूप. दुसऱ्यात मोजकीच आहेत, पाकीट नाही, कुलूप नाही, आणि तरी ते महाग. ग्रुपात विचारलं तर दोन तट पडले. काहीजण म्हणाले दात्यांची करवत घ्या, आत घालून मागंपुढं घासायची, निम्मी कुलपं पहिल्याच दिवशी उघडतात. धारवाडचे काका म्हणाले, आकडा घ्या, टोकाला वाकलेली एकच सळी. करवतीनं कुलूप उघडतं, पण ते का उघडलं हे कळत नाही.

दिवसभर तिळगूळ वाटता वाटता तेच घोळत होतं. मग लक्षात आलं, हे तर मला येतं. नव्यानं शिवायला लागलेल्या बायका सुयांची मोठी डबी आणतात आणि दोनच सुया वापरतात. ब्लाऊजच्या कापडाला अकरा नंबर, खणाला चौदा, जाड कापडाला सोळा. बाकीच्या डबीत गंजतात. हत्याराचंही तसंच. पातळ असलं तर अरुंद भोकात जातं पण वाकतं, जाड असलं तर टिकतं पण शिरत नाही. आपल्याकडच्या कुलपांची भोकं अरुंद आणि वाकडीतिकडी. म्हणजे पातळच घ्यायचं आणि पोलाद चांगलं बघायचं.

आणखी एक गोष्ट. सगळे आकड्यांचे फोटो टाकतात. ताणपट्टीबद्दल कुणी बोलत नाही. कुलपाच्या भोकात खालून ती एक पट्टी घालून हलका दाब धरून ठेवायचा असतो, तेव्हा कुठं आकडा आतल्या पिना एकेक करून वर उचलतो. दाब सुटला की सगळ्या पिना खाली. मशीनमध्ये सुई कितीही चांगली असू दे, कापड दाबून धरणारा पाय ढिला असला तर टाका सरळ पडत नाही. त्या महाग पार्सलात ताणपट्ट्या तीन जातीच्या आहेत.

ठरलं. दुसरं मागवलं. पाकीट मी शिवीन.

२२ जानेवारी

पार्सल बसस्टँडजवळच्या राघोबाच्या दुकानात आलं. राघोबा किराणाही विकतो आणि खिळे-कड्या-कुलपंही. त्यानं डबा कानाशी धरून हलवून बघितला. "सळया हायत का काय?"

"कुलूप उघडायच्या."

त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. मग नाही वाटलं. आता गल्लीला सांगायचं काम तो करील, मला नको.

त्याच्याचकडून शिकायला कुलपं घेतली. ग्रुपातला नियम कडक आहे. कुलूप आपल्या मालकीचं पाहिजे. दुसऱ्याचं कुलूप, त्यानं स्वतः हातात देऊन उघड म्हटल्याशिवाय, शिवायचं नाही. मला नियम आवडला. घेतलेल्यात एक निळ्या रबराच्या कडीचं आहे. सासरी जनवाड्याला आमच्या खोलीला होतं त्याच जातीचं. राघोबानं तेच पुढं टांगलं होतं म्हणून घेतलं, बाकी काही नाही.

एक जुन्या पद्धतीचं घेतलं ते चुकलं. आत पिना नसून पट्ट्या आहेत, त्याला माझी हत्यारं लागू पडत नाहीत. त्याची वेगळी येतात. असू दे.

खणाच्या कापडाचं पाकीट शिवलं. शेजारच्या दुकानातली भाड्याची मशीन फार खडखडते. माझी मोटारीची मशीन जनवाड्याला आहे.

२५ जानेवारी

काही उघडत नाही. बोटांना वळ पडले. दाब जास्त होतोय असं काका म्हणतात. "मोबाईलच्या पडद्यावर बोट फिरवता तेवढाच दाब," म्हणाले. मला तेवढ्या हलक्या दाबावर विश्वास बसत नाही.

वैनीनं दुपारी विचारलं, "तिकडं तुमाला कोंडून ठेवत होते म्हणून हे करायलाव का?"

तिला सांगितलं, कोंडणं वेगळं. ते लोक शेताला जाताना खोलीला बाहेरून कुलूप लावून जायचे, एवढंच. आत माठ होता, पंखा होता, मशीन होती. कामात कुणाचा त्रास नाही. संध्याकाळी काढायचे. तीन वर्षांत माझी जेवढी ब्लाऊजं शिवून झाली तेवढी हुलसुरात कुणाची झाली नसतील.

वैनी माझ्याकडं बघत राहिली. ती जरा जास्तच मनाला लावून घेते.

२९ जानेवारी

उघडलं.

दुपारची वेळ, अंगणात सावलीला बसले होते. निळ्या कडीचंच. एक पिन बसली, बारीक टक् झालं, कानाला नाही, बोटाला. मग दुसरी. मग मधली कुठली तरी. शेवटची कुठली होती ते कळलंच नाही आणि ताणपट्टी आपोआप फिरली. कडी वर उडाली.

मी तशीच बसून राहिले. हसू का रडू असं काही झालं नाही. कुलूप परत लावलं आणि परत उघडलं. परत लावलं. अंधार पडेपर्यंत तेच.

अप्पा गोठ्यातून बघत होते. जवळ आले, कुलूप हातात घेतलं, वजन बघितल्यासारखं केलं आणि परत दिलं. "च्या केलीस का?" म्हणाले.

३ फेब्रुवारी

अप्पा आडतीवर तूर घालायला बसवकल्याणला गेले होते. येताना एक पिशवी आणली, खडखडणारी. सगळी जुनी कुलपं. पितळी, लोखंडी, एक तर मुठीएवढं. विचारलं तर म्हणाले, भंगारवाल्याच्या दुकानासमोरून येत होतो, तो टाकूनच द्यायला लागलाय म्हणाला, म्हणून घेतली. सगळ्यांना तेल घातलेलं होतं. भंगारवाले हल्ली तेल घालून टाकतात वाटतं.

८ फेब्रुवारी

लोक यायला लागले.

पहिली मागच्या गल्लीतली ईरम्मा. ओच्यात ओल्या हरभऱ्याचे डहाळे घेऊन आली. इकडचं तिकडचं बोलली आणि मग हळूच म्हणाली, "सुनंची सूटकेस हाय. ती धुण्याला गेली की ये. उघडायचं, बघायचं, लावायचं. कुणाला कळायचं न्हाई."

"काय हाय त्यात?"

"तेच तर बघायचंय."

मी डहाळे परत तिच्या ओच्यात घातले. "सुनंला घेऊन ये. तिनं माझ्या हातात दिली तर उघडते." ईरम्मा तणतणत गेली. मग एकजण बायकोचा मोबाईल घेऊन आला. त्याला सांगितलं, मला लोखंडातलं येतं, काचेतलं येत नाही. आलं असतं तरी उघडला नसता.

आज चुलतकाका अंबाजी आले. आमच्या भावकीत त्यांचा शब्द चालतो. त्यांच्या आणि त्यांच्या धाकट्या भावाच्या वाटणीत एक खोली अडकलीय. भावानं तिला कुलूप घातलंय.

"खोली माझी हाय," काका म्हणाले.

"कुलूप कुणाचं?"

"त्याचं."

"मग किल्ली त्याला मागा."

"मागून मिळत असती तर तुझ्या दारात आलो असतो का? आन तू शिकलीस कशाला मग?"

"मला आवडतं म्हणून."

चहा न पिता उठले. अण्णा त्यांच्यामागं फाटकापर्यंत गेला, परत आला आणि म्हणाला, जी विद्या घरच्या माणसाच्या कामाला येत नाही ती काय चुलीत घालायची? कालपर्यंत याला ते चोराचं काम वाटत होतं. आज घरच्या माणसाची चोरी केली नाही म्हणून राग.

एक मात्र कळलं. या गावात कुणाचं ना कुणाचं, कुणापासून तरी, काहीतरी कुलपात आहे. मला वाटायचं जनवाड्यालाच.

१७ फेब्रुवारी

वैनीनं तिच्या कपाटाला कुलूप घातलं. आधी नव्हतं.

खोटं कशाला लिहू, लागलं. दिवसभर बोलले नाही. मनात आलं, अण्णाचं बरोबर असेल का? मी कशाला हे घेऊन बसले? जी माणसं दोन घास देतात त्यांनाच माझी भीती वाटत असेल तर सोडून द्यावं. ब्लाऊजं शिवावीत, गप्प राहावं. पाकीट ट्रंकेच्या तळाशी ठेवलं.

दुपारी पाणी प्यायला गेले तेव्हा ते कुलूप जवळून दिसलं. पत्र्याचं, जत्रेत मिळतं तसलं. केसातला चाप पुरेल. मला एकदम रागच आला. माझ्यापासून राखायचं तर धड कुलपानं तरी राखावं.

वैनीला म्हटलं, "हे खेळण्यातलं हाय, वैनी. राघोबाकडं जाड पितळेचं मिळतं, खाली चपटी किल्ली असलेलं. ते आणा. मला ते अजून उघडत न्हाई."

ती लाल झाली. "तसं न्हाई, पोरं हात लावत्यात म्हणून..."

"पोरास्नीबी उघडायचं न्हाई ते."

पाकीट ट्रंकेतून काढून परत कमरेला खोचलं. संध्याकाळी बघितलं तर कपाटाचं कुलूप गेलं होतं. नवंही घातलेलं नव्हतं.

२ मार्च, रविवार

बैठक झाली. अंबाजी काकांनी जनवाड्याच्या लोकांना बोलावून घेतलं, मला सकाळी कळलं. अंगणात सतरंजी टाकली. आमचे ते आले, माझ्या सासू आत्याबाई आल्या, धाकटा दीर पप्पू आला, आमच्या भावकीतले चारजण. मी दाराच्या आत बसावं असं अण्णाचं म्हणणं. मी बाहेर येऊन सतरंजीवर बसले.

आत्याबाईंनीच सुरुवात केली. सोजराबाईंचा आवाज तिकडच्या गल्लीत ऐकू जातो. "आमी खोलीला कुलूप कामून लावत होतो, आता पटलं का समद्यास्नी? ह्या बाईचा हातच असला. घरात काय ठेवायची सोय न्हाई."

"आत्याबाई," मी म्हटलं, "तुमी कुलूप लावत होता तवा मला कुलपातलं काहीच येत नव्हतं."

दोघं-तिघं हसले. आमचे ते मात्र पायाच्या अंगठ्यानं सतरंजीचा दोरा ओढत होते. लग्नात बघितलं तेव्हापासून ते असेच आहेत. कुणी बोललं की खाली बघायचं.

काकांनी घसा साफ केला. "बघ नेत्रावती, सुनीलकुमार तुला न्यायला तयार हाय. त्यानं मन मोठं केलंय. आता तूबी कर. ते हत्यारांचं पाकीट हितं ठेव, समद्यांसमोर हिरीत टाकू. झालं गेलं मिटलं."

"माझी शिवायची मशीन द्या."

"कुठली मशीन?"

"मोटारीची. लग्नाआधी माझ्या शिलाईतनं घेतलेली. जनवाड्याला खोलीत हाय."

"घरातली वस्तू घरातच राहती," आत्याबाई म्हणाल्या. "ये की, बसून शिव पहिल्यासारखी."

पहिल्यासारखी. मी कमरेचं पाकीट काढलं. काकांना वाटलं देतेय, त्यांनी हात पुढं केला. मी एकेक हत्यार बाहेर काढून सतरंजीवर मांडलं. "हा लहान आकडा. हा लांब आकडा, मागच्या पिनांसाठी. ह्या ताणपट्ट्या. मी विचार करून निवडल्यात, एकबी जास्तीची न्हाई. हिरीत टाकायला घेतलेल्या न्हाईत." मग परत पाकिटात घालून कमरेला खोचल्या. "मी मशीन न्यायला जनवाड्याला यीन. कळवून यीन. चोरून न्हाई."

आत्याबाई उठल्या. पप्पू जाता जाता म्हणाला, "या वैनी, या. आमी वाट बघतो." चांगलं बोलला. त्या घरात तोच जरा बरा.

४ मार्च

अण्णा बोलत नाही. भावकीतल्या कुणाच्या लग्नाला मला नेणार नाहीत म्हणे. नाही तर नाही.

आज चुलीपाशी वैनी त्याला म्हणाली, मला ऐकू जाईल अशा आवाजात, "मशीन तिच्या शिलाईची हाय. तुमी आणायला जायला पायजे होतं, दसऱ्याला ती आली तवाच." अण्णा ताटावरून उठला नाही, पण पुढची भाकरीही मागितली नाही.

२० मार्च, गुरुवार

आज जनवाडा. सगळं लिहिते, हात दुखला तरी.

अप्पा आले. मी एकटी जाते म्हटलं तर म्हणाले, मला बीदरला काम आहे. काय काम ते सांगितलं नाही आणि बीदर मागं पडलं तरी उतरले नाहीत. मंजुनाथचा टेम्पो केला होता. तो अप्पांच्या ओळखीचा, कानडी बोलतो आणि कमी बोलतो.

पोचलो तेव्हा आत्याबाई अंगणात चिंचा फोडत बसल्या होत्या. पप्पू ओट्यावर मोबाईल घेऊन. खोलीच्या दाराला कुलूप. निळी कडी, तेच.

"मशीन न्यायला आले," मी म्हटलं.

"ने की. किल्ली हरवलीय," आत्याबाई चिंचेवरून नजर न काढता म्हणाल्या. "तुला किल्ली कशाला लागती? उघड."

"उघडा वैनी," पप्पू म्हणाला. "आमची काय हरकत न्हाई. बघू तरी कसं उघडतंय ते."

माझा हात कमरेला गेला. खरं लिहिते, मला फार उघडावंसं वाटलं. त्या जातीचं कुलूप मी घरी गप्पा मारता मारता उघडते. त्यांच्या डोळ्यांसमोर, सावकाश, वाटाण्याच्या शेंगा सोलाव्यात तसं उघडायचं आणि आत शिरायचं. तीन वर्षं ज्याच्या आत बसले ते बाहेरून, माझ्या हातानं. पाकिटाची गाठ सुटलीही होती.

मग मनात आलं, मशीन माझी आहे. कुलूप माझं नाही. आणि मी ते का उघडावं? मी लावलंय का?

गाठ परत मारली आणि त्याच दाराच्या उंबऱ्यावर बसले. "किल्ली सापडंपर्यंत बसते."

"उघडा की," पप्पू परत म्हणाला. "कोण काय म्हणायलंय?"

"मी म्हणायलेय."

अप्पा येऊन माझ्या शेजारी बसले. उंबऱ्यावर ऊन येत होतं तरी हलले नाहीत. मंजुनाथनं टेम्पोचं तोंड रस्त्याकडं वळवून ठेवलं आणि तो चहाला गेला.

हळूहळू माणसं जमली. शेजारच्या सत्यभामाबाई काठी टेकत आल्या, मला तांब्याभर पाणी दिलं. "नेत्रा, कामून बसलीस गं बाहेर?"

"आत बसायचा कंटाळा आला, मावशी," मी म्हटलं. आणि मग बोलतच गेले. ठरवलं नव्हतं. ही माणसं शेताला गेली की मला आत घालून हे कुलूप लावायची. ताप आला होता तेव्हाही लावलं. आईच्या वेळेला हुलसूरहून फोन आला तोही आतच घेतला आणि संध्याकाळपर्यंत निघता आलं नाही. पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. इथंही लिहिलेलं नाही. ते कुलपातलं वाटलं नव्हतं.

अप्पांनी मान खाली घातली. त्यांनाही माहीत नव्हतं. मला उशीर झाला तो बस चुकली म्हणून, असं मी त्यांना सांगितलं होतं.

सत्यभामाबाई म्हणाल्या, "मला मशीनचा आवाज यायचा की. दाराला कुलूप आन आत मशीन चालायलीय. एकदा सोजराला इचारलं, आत कोण हाय गं? कोण न्हाई म्हणली."

कोण न्हाई. हे मला माहीत नव्हतं. म्हणून लिहून ठेवते.

आत्याबाईंचा चिंच फोडायचा हात थांबला होता. कुणीतरी बीदरला फोन केला असावा. दुपार कलता सुनीलकुमार गाडीवर आला. अंगणातली माणसं बघून त्याचा चेहरा पडला. त्यानं गाडी बंद केली, जुडगा काढला, आणि हरवलेली किल्ली त्या जुडग्यातच होती. ती सोडवून त्यानं माझ्यापुढं धरली. "घे. उघड आन ने काय न्यायचं ते."

मी उठले, दारातून बाजूला झाले. किल्ली घेतली नाही.

"तू लावलंस. तू काढ."

"नवऱ्याला तू म्हणायलीय," आत्याबाई कुजबुजल्या, पण त्यांचा आवाज कुजबुजायचा नाहीच. त्यानं माझ्याकडं बघितलं. त्यानं खाली न बघता माझ्याकडं बघितल्याचं मला दुसरं आठवत नाही. मग तो कुलपापाशी गेला.

किल्ली आत गेली पण फिरेना. बरेच दिवस उघडलं नव्हतं, आत धूळ बसलेली. तो जोर लावायला लागला. किल्ली मोडली असती.

"जोर लावू नको," मी म्हटलं. "जरा मागं घे. आता हलक्यानं हलव. हां. आता फिरव."

फिरली. कुलूप हातात घेऊन तो तसाच उभा राहिला, ते कुठं ठेवावं हे त्याला कळेना.

आत मशीनवर चादर होती. चादर काढली तर सुईखाली मी अर्धवट सोडलेलं ब्लाऊज तसंच, एक बाही जोडलेली, एक नाही. आत्याबाईंचं. दोरा तोडला, घडी घातली आणि बाहेर येऊन त्यांच्या हातात दिलं. "उरलेलं दुसरीकडनं शिवून घ्या."

मंजुनाथ आणि अप्पांनी मशीन उचलली.

एक समजलं नाही. मी आले तेव्हापासून पप्पूनं मोबाईल आडवा धरून माझ्याकडंच रोखला होता. मी उंबऱ्यावर बसले, बराच वेळ गेला, तेव्हा त्यानं तो खिशात घातला आणि तोंड पाडून आत गेला. त्याला काय बघायचं होतं कोण जाणे. वाटेत अप्पांना म्हटलं, बिचारा हिरमुसला. अप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "बसलीस ते बरं केलंस." आणि भालकीपर्यंत माझ्या खांद्यावरचा हात काढला नाही.

२९ मार्च, शनिवार

उद्या पाडवा. बसस्टँडमागं एक शटर मिळालं, उद्यापासून तिथं शिवणार. मशीनला तेलपाणी केलं, मोटार सुरळीत आहे. ईरम्माची सून ब्लाऊज टाकून गेली, पहिलीच. सूटकेसची गोष्ट मी तिला सांगितली नाही. तिला ती माहीत आहे असं तिच्या हसण्यावरून वाटलं.

शटरला कुलूप घ्यायला राघोबाकडं गेले. त्यानं काऊंटरवर पाच-सहा मांडली.

"आधी विकत घेते, मग उघडून बघते," मी म्हटलं. पहिलं त्याच्या काऊंटरवरच उघडलं. दुसरंही. राघोबाची दोन गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली. "परत घेनार न्हाई हां," तो म्हणाला. मी म्हटलं, नको घेऊ, मला शिकायला होतील. तिसरं घरी आणलं. दुपारभर बसले. पातळ आकडा, लांब आकडा, तिन्ही ताणपट्ट्या. एक पिन बसली की दुसरी घसरते. शेवटी बोटं सुन्न झाली आणि ते तसंच्या तसं. मग तेच शटरला लावलं.

अण्णा बघायला आला होता. बैठकीनंतर पहिल्यांदाच नीट बोलला. शटर वर-खाली करून बघितलं, बल्ब कुठं लावायचा ते सांगितलं. जाताना हात पुढं केला. "एक किल्ली दे. घरात असू दे."

"कामून?"

"कामून म्हंजे? असावी. तुझी हरवली तर?"

"हरवली तर बघीन मी."

त्यानं माझ्या कमरेच्या पाकिटाकडं बघितलं. हात मागं घेतला.

हे कुलूप मला उघडत नाही, हे मी त्याला सांगितलं नाही. दोन्ही किल्ल्या माझ्याकडं आहेत.